सिस्टरचं कपाट: काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "दार किती इंची आहे?" मग जिना सरळ की वळणाचा, संडास देशी की कमोड, रात्री पेशंटजवळ कोण झोपणार. एवढं झाल्यावर मग "बोला, काय पाहिजे" असं विचारतात. सांगलीच्या गावभागातल्या या रुग्णसाहित्य केंद्राला ही सवय ज्यांच्यामुळे लागली, त्या बाई आता नाहीत. मिरजेत त्यांनी आयुष्यभर नर्सिंग केलं. वॉर्डात सगळे त्यांना नुसतं 'सिस्टर' म्हणायचे, रिटायर झाल्यावर गल्लीतही तेच नाव चाललं. त्या गेल्यावर मुलाने आणि सुनेने घराच्या पुढच्या दोन खोल्या मोकळ्या केल्या, आईने जमवलेलं सामान मांडलं आणि त्यात भर घालत नेली. नुसत्या अनामतीवर वस्तू मिळते. भाडं नाही.

केंद्राचं नाव आणि नंबर इथे देत नाही, कारण घरच्यांनीच तशी विनंती केली आहे. सामान मोजकं आहे आणि आधीच जतपासून कोल्हापूरपर्यंतचे फोन येतात. गावभागात कोणत्याही मेडिकलवाल्याला विचारा, तो हात करून दाखवेल. आम्ही लिहिणाऱ्या दोघींपैकी एक अतिदक्षता विभागातली परिचारिका आहे, दुसरी फिजिओथेरपिस्ट. त्यामुळे खाली कौतुकापेक्षा स्क्रू जास्त आहेत.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून या गावाला लांबलांबून पेशंट येतात. ऑपरेशनं होतात, टाके निघतात, डिस्चार्ज मिळतो. नंतरचे तीन महिने घरात कसे काढायचे, हे मात्र डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत लिहिलेलं असतं: 'नर्सिंग केअर'. ती एक ओळ घरात कशी उतरवायची, हे इथे शिकवतात. त्या बाबतीत आसपास याच्या तोडीचं दुसरं ठिकाण आम्हाला माहीत नाही.

सगळ्यात जास्त मागणी एअर बेडला, आणि सगळ्यात जास्त चुकाही त्याच्याच वापरात. फुगवट्या-फुगवट्यांची गादी आणि छोटा पंप, एवढंच हे यंत्र. गादीतल्या फुगवट्यांचे दोन गट असतात. पंप एका गटात हवा भरतो तेव्हा दुसऱ्यातली सोडतो आणि साधारण दहा मिनिटांनी उलट करतो. म्हणजे अंगाखालचा दाब जागा बदलत राहतो. घरी नेल्यावर ही गादी नेहमीच्या गादीवर पसरायची, थेट कॉटच्या पत्र्यावर कधीच नाही. पंप पायाकडच्या दांडीला अडकवायचा. जमिनीवर ठेवला तर पाय लागतो, फरशी पुसताना पाणी जातं आणि नळी कॉटच्या चाकाखाली सापडते. पहिल्यांदा पूर्ण फुगायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तोवर पेशंटला वर घेऊ नका. पंपावरचं बटण पेशंटच्या वजनाप्रमाणे फिरवायचं असतं. 'जास्त हवा म्हणजे जास्त आराम' हा समज चुकीचा आहे. गादी टणक झाली की ती लाकडी पाटासारखीच वागते.

केंद्रात सूनबाई एक परीक्षा करून दाखवतात, ती प्रत्येकाने शिकून घ्यावी. पेशंट गादीवर असताना तळहात वर करून हात माकडहाडाच्या खाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्या मधे सरकवायचा. वरचं हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. मधे इंचभर तरी फुगवटा जाणवला पाहिजे. दिवसातून एकदा हे केलं तरी पुरे.

तक्रार बहुधा येते ती 'बेड चालू होता तरी जखम झाली' अशी. कारणं ठरलेली आहेत. वरून गोधडी, तिच्यावर रबरी शीट, तिच्यावर दुहेरी चादर अंथरली की खालची हवा अंगापर्यंत पोचतच नाही. एकच पातळ सुती चादर, तीही सैल, एवढंच चालतं. दुसरं, मोबाइल चार्ज करायला पंपाची पिन काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. तिसरं, डोक्याकडची बाजू उंच करून पेशंटला तासन् तास टीव्हीसमोर बसवतात. तो हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला चिकटून राहते, आतलं हाड पुढे सरकतं आणि आतल्या आत फाटतं. जेवण भरवायचं नसेल तेव्हा डोकं ३० अंशांच्या वर नको. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही. दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायचीच. रात्री किती ताणायचं ते डॉक्टरांना विचारा.

बेडसोबत पिवळ्या पुठ्ठ्याचं एक कार्ड मिळतं, गॉजच्या पट्टीने कॉटला बांधायचं. वर घड्याळाची तबकडी काढलेली: ६ डावी, ८ पाठ, १० उजवी, असं फिरत जाणारं. अक्षर सिस्टरांचं, झेरॉक्स केलेलं. 'डावी' लिहिताना त्या वेलांटी फार लांब ओढायच्या, ती ओढ आकड्यांवरून गेली आहे. खाली सूचना आहेत. टाच उशीवर टेकवू नका, पोटरीखाली उशी घ्या आणि टाच अधांतरी ठेवा. दोन गुडघ्यांच्या मधे घडी केलेला पंचा. लालसर दिसलं तर बोटाने दाबा. बोट उचलल्यावर जागा पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे, लालच राहिली तर जखम सुरू झाली. कार्डावर नसलेली एक गोष्ट आम्ही इथे घालतो. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीने ऊब आणि कडकपणा तपासावा लागतो. आपल्याकडचे बहुतेक पेशंट सावळेच असतात, तरी हे सांगायचं राहून जातं.

याच कार्डावर सहाव्या ओळीत एक चूक आहे. 'पाठ स्पिरिटने चोळा, वरून पावडर.' सिस्टर शिकल्या तेव्हा नर्सिंग स्कूलमध्ये हेच शिकवलं जायचं, आणि त्यांच्या पिढीच्या नर्सेसनी हजारो पाठी अशाच जपल्या. आता ते करत नाहीत. लाल झालेल्या हाडावर चोळलं की आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी दुखावतात, स्पिरिट कातडी कोरडी करतं आणि पावडर घामात गोळा होऊन खरखरीत बसते. कोमट पाण्याने पुसावं, टिपून कोरडं करावं, हाडाच्या आजूबाजूला साधं मॉइश्चरायझर लावावं. लघवीने भिजत असेल तर झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्यावा. घरच्यांना हे ठाऊक आहे. त्यांनी त्या ओळीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे, पण ती इतक्या अलगद की दोन वेळा गादी पुसली की सुटते आणि खालची मूळ ओळ पुन्हा उघडी पडते. आमच्या हाती आलेल्या कार्डावर चिठ्ठी नव्हतीच. आईच्या अक्षरावर काट मारायला मुलाचा हात धजत नाही, हे समजतं. तरी कार्ड नवीन छापा. जुनं हवं तर काचेत लावा.

हीच गोष्ट रबरी रिंगांची. कपाटाच्या खालच्या फळीवर हवा भरायच्या सहा रिंगा आहेत, सिस्टरांनी स्वतः विकत आणलेल्या. माकडहाडाखाली मधलं भोक येईल अशा ठेवायच्या, असा जुना प्रघात. रिंगेच्या कडेचा दाब भोवतालचं रक्त अडवतो आणि मधली जागा आणखी उपाशी पडते. मागितली तर देतात, 'डॉक्टरांना विचारून वापरा' असं सांगून. देऊच नये, असं आमचं मत. तुम्ही तरी मागू नका.

कॉटबद्दल थोडक्यात. एका फिरवायच्या दांड्याच्या कॉटवर फक्त डोकं वर होतं, दोन दांड्यांच्या कॉटवर (हिला फाउलर म्हणतात) गुडघेही. पक्षाघात किंवा खुब्याचं ऑपरेशन असेल तर दोन दांड्यांची घ्या, गुडघे थोडे उचलले की पेशंट खाली घसरत नाही. लांबी साडेसहा फूट, रुंदी तीन फूट. सुटी होते, पण डोक्याकडचा आणि पायाकडचा पत्रा वेगळा केल्यावरही मधली फ्रेम अख्खीच राहते, आणि गावभागातल्या वाड्यांच्या वळणाच्या जिन्यात तीच अडकते. वाहतूक तुमची. छोटा हत्ती आणि दोन माणसं लागतात. गादीचं रेक्झिन नेताना टॉर्च लावून शिवणीपाशी बघून घ्या. सुईएवढ्या भोकातून लघवी आत गेली की स्पंज आतून कुजतो, आणि वास आठवड्याने येतो.

हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी मशीन मिनिटाला पाच लिटरची आहेत. देताना मीटरने शुद्धता मोजतात आणि आकडा पावतीवर लिहितात. ९० टक्क्यांच्या खाली मशीन बाहेर जात नाही. भाड्याने देणारे बरेच जण हे करत नाहीत, म्हणून केंद्राच्या बाजूने हा मोठा गुण. मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवायचं, पडद्याला चिकटवायचं नाही. मागची स्पंजाची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावायची. मशीनला लावलेल्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, दोन खुणांच्या मधे, रोज बदलून. नाकात हवा येत नाही अशी शंका आली तर नळीची टोकं पाण्याच्या ग्लासात बुडवा. बुडबुडे आले नाहीत तर दहांपैकी नऊ वेळा बाटलीचं झाकण आटे न जुळता तिरकं बसलेलं असतं. देवघर त्याच खोलीत असेल तर निरांजन आणि उदबत्ती दुसरीकडे. नाकाला व्हॅसलीन लावू नका, पाण्यात विरघळणारी जेल चालते.

आणि लिटर वाढवण्याचा मोह आवरा. चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसं गेलेल्या पेशंटला डॉक्टर बऱ्याचदा रक्तातला ऑक्सिजन (बोटाला लावायच्या मीटरवरचा आकडा) ८८ ते ९२ टक्क्यांच्या मधेच ठेवायला सांगतात. तिथे शेजारच्यांचा ९८ आकडा बघून नॉब फिरवला तर पेशंट गुंगीत जाऊ शकतो.

पावसाळ्यात या मशीनचा एक वेगळा नियम आहे, तो फक्त सांगलीतच सुचेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. केंद्र गावभागात असल्याने पाणी ३५ फुटांवर गेलं की मशीन आणि पंप माळ्यावर चढतात. पूरपट्ट्यातल्या घरी मशीन असेल तर त्याच दिवशी फोन येतो: सिलिंडर भरून घ्या. वीज आधी जाते, पाणी नंतर येतं. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटर धरला तर बारा तासांच्या आसपास पुरतो. तेवढ्यात पेशंटला बाहेर काढायचं. उरलेल्या अर्ध्या सिलिंडरवर 'बघू उद्या' करत बसायचं नाही. पुरात ओलं झालेलं मशीन वाळवून लावू नका, आतली रसायनाची चाळणी ओल धरते आणि मशीन नुसता आवाज करत साधी हवा फेकतं.

व्हीलचेअर १८ इंची बैठकीची, बाहेरून मोजली तर २५-२६ इंच भरते. वाड्यातलं न्हाणीचं दार बहुतेकदा त्याहून अरुंद. मागून ढकलायची, लहान चाकांची खुर्ची अरुंद असते आणि केंद्रात ती दोनच आहेत, म्हणून दाराचा आकडा आधी. उंबऱ्यावरून खाली उतरवताना खुर्ची उलटी, म्हणजे मोठी चाकं आधी. उठवताना पायाच्या पाट्या वर दुमडा. पेशंट पाटीवर उभा राहतो आणि खुर्ची पुढे कलंडते. वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, हात सोडून उभं राहिल्यावर. खाली रबराचे बूट गुळगुळीत झाले असतील तर नेऊ नका, वीस-तीस रुपयांचं रबर खुब्यापेक्षा स्वस्त आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे लिहूनही घरोघरी उलटंच दिसतं.

शनिवारी दुपारी चार ते सहा पुढच्या खोलीत टेबल लागतं. सिस्टर रिटायर झाल्यावर याच टेबलाशी बसून नातेवाइकांची बिलं वाचायच्या आणि अर्ज लिहून द्यायच्या. वॉर्डातही त्यांची ख्याती भांडखोर अशीच होती. पेशंटला 'सात नंबर' म्हणणाऱ्या डॉक्टरांना त्या नाव विचारायच्या, आणि उत्तर येईपर्यंत फाइल हातात द्यायच्या नाहीत. केंद्राच्या पावतीवर आजही अनामत भरणाऱ्याच्या आधी पेशंटचं पूर्ण नाव लिहितात, ते त्यामुळेच.

आता टेबलाशी सूनबाई आणि एक निवृत्त कारकून बसतात. सल्ला नेमका असतो. एकरकमी बिल घेऊ नका, बाबवार मागा, आणि हातमोजे, सिरिंज, आयव्ही सेट यांची संख्या दाखल असलेल्या दिवसांशी ताडून बघा. केसपेपर हवे असतील तर तोंडी मागू नका. अर्ज दोन प्रतींत, एकीवर शिक्का, तारीख, सही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला हवेत, आणि ती तारीख सिद्ध करायला शिक्क्याची प्रतच लागते. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, ही योजना २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने चालू आहे. लोक चुकतात ते वेळेत. डिस्चार्जच्या दिवशी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला शोधायला निघतात, तोवर अर्धे पैसे भरून झालेले असतात. रेशनकार्ड आणि दाखला दाखल होतानाच द्या, जनआरोग्य योजनेसाठी त्याच दिवशी आरोग्यमित्राला गाठा. नर्सिंग होमच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. या शेवटच्या वाक्याचा छापील कागद टेबलावर वेगळ्या गठ्ठ्यात असतो. मागावा लागत नाही, दारात उभ्या माणसाचा चेहरा बघून तो हातात दिला जातो.

उणिवाही आहेत. रोजची वेळ संध्याकाळी पाच ते सात, बस्स. तासगाव-विट्याच्या माणसाला ही वेळ गैरसोयीची आहे. नेब्युलायझर मशीन देतात ते ठीक, पण धुतलेला जुना मास्कही सोबत देतात. तो घेऊ नका, मास्क आणि नळी प्रत्येकाची नवीन हवी. सक्शन मशीन (घशातला कफ नळीने ओढून काढणारं) देताना दाब किती ठेवायचा ते दाखवतात (मोठ्या माणसाला पाऱ्याचे १०० ते १५० मिलिमीटर), पण नळी एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त आत ठेवायची नाही, हे आमच्या समोर दिलेल्या दोन्ही वेळा सांगायचं राहिलं. घाईच्या दिवशी शिकवणी पाच मिनिटांत उरकते. सक्शन न्यायचं असेल तर गर्दी नसलेल्या दिवशी जा आणि दोनदा करून बघितल्याशिवाय उठू नका.

अनामत वॉकरला ५००, व्हीलचेअरला २,०००, कॉटला ५,०००, ऑक्सिजन मशीनला १०,००० रुपये. मुदत तीन महिने, विचारलं तर वाढते. परत करताना साबणाच्या पाण्याने पुसून आणायचं. निर्जंतुकीकरण ते करतात: बाजारातलं ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट एक वाटी, पाणी नऊ वाट्या, दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने. तुम्ही घरी ब्लीच लावू नका, ॲल्युमिनियमच्या वॉकरला खड्डे पडतात. कॉट उचलताना खाली दुमडलेला फिरवायचा दांडा टेम्पोत आला का ते बघा. माघारी न येणारी वस्तू बहुतेक वेळा तीच असते, आणि दांडा नसेल तर पुढच्या पेशंटचं डोकं विटा लावून वर करावं लागतं.